भाऊच्या नावाची मूठ

आबा, यंदाही नानाने भाऊला कानबाईला बोलावलं नाही. तुमच्यामागे आई गेली, तेव्हापासून भाऊ माझ्याकडे जळगावला आहे. आमचे हेही आता नाहीत, मुलं बाहेरगावी, घरात आम्ही बहीण-भाऊ दोघंच. श्रावण लागला की तो नागपंचमीच्या आधीच इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवतो आणि दर संध्याकाळी त्याची कॉलर नीट करतो. आपण जळगावहून सणाला जायचो ते धुळ्याचं घर तुमच्या पुतण्याकडे, नानाकडे गेलं, म्हणजे श्रावणात मांडायची कुळाची देवी, कानबाईही त्याच्याकडेच. तो तुमच्यासारखाच टोपी घालून दारात उभा राहतो आणि एकेका भावबंदाला आत घेतो. त्या दारातून सगळे आत जातात, तुमचा मुलगा सोडून. या गोष्टीवर मी इतकी चिडले आहे की कुणाशी तरी बोलायला हवं, आणि जिवंत माणसांशी बोलून झालं आहे.

झालं ते तीन वर्षांपूर्वी. नानाच्या मुलासाठी सोनगीरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीकडची मंडळी कानबाईच्या दर्शनाला म्हणून आली, म्हणजे खरं तर घर बघायला आली. कानबाई मांडलेली होती, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवी साडी. भाऊ नेहमीसारखा तिच्या अगदी समोर बसला होता. त्याला कानबाईचं तोंड फार आवडतं. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाला, "ती गप्प असते, पण रागावलेली नसते." नानाच्या बायकोने, वहिनींनी, मुलीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लक्ष्मी शे आमनी सून, लक्ष्मी." भाऊने मान वळवली. "वहिनी, सकाळी तुम्ही म्हणालात, पोरगी काळी आहे. काळी नाहीये ती. सावळी आहे. चांगली आहे."

आबा, त्याला त्या मुलीची बाजू घ्यायची होती. एवढंच. सकाळपासून ते वाक्य त्याला टोचत असणार आणि त्याने ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. खोली अशी गप्प झाली की मला समईची वात चरचरलेली ऐकू आली. मग तो उठला, आणि तुम्ही शिकवलं होतंत अगदी तसं, एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत गेला, "माझं काही चुकलं का?" मुलीच्या वडिलांना विचारलं. वहिनींना विचारलं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या शेजारच्या मारवाडी काकूंनाही विचारलं.  मुलीचे वडील चपला घालून निघून गेले. तेव्हापासून त्या घराचं दार त्याला बंद आहे, आणि तो मात्र शर्ट इस्त्री करतो.

"माझं काही चुकलं का?" हे वाक्य तुमचं होतं. मी ते विसरलेले नाही. भाऊला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले, शेजाऱ्यांच्या रेडिओत आपल्याबद्दल बोलतात असं तो सांगायला लागला, तेव्हा तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलंत, औषधं सुरू केलीत, गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहिलात. त्यात तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. आवाज हळूहळू गेले. पण माणसं कळणं काही आलं नाही, आणि ते तुम्हाला मान्यच नव्हतं. "आता बरा आहे ना, मग असा का वागतो? मुद्दाम करतो." मुद्दाम. हा एक शब्द तुम्ही मरेपर्यंत सोडला नाहीत. तो पाहुण्यांना "तुम्ही केव्हा जाणार?" विचारायचा, मुद्दाम. आईच्या मावशीला "तुम्ही म्हाताऱ्या झालात" म्हणाला, मुद्दाम. मी लग्नानंतर माहेरी आले होते, तेव्हा एका संध्याकाळी तुम्ही त्याला जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी घेऊन गेलात, मीही मागून आले होते. तुम्ही त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे वळवलात आणि ओरडलात, "माणसाच्या तोंडाकडे बघून बोल! बघ, अक्काला वाईट वाटलंय, दिसत नाही तुला?" तो म्हणाला, "अक्काच्या तोंडाला काय झालंय?" मग तुम्ही दमलात आणि दगडावर बसलात. तिथूनच म्हणालात, "हे बघ. समोरचं माणूस एकदम गप्प झालं ना, की विचारायचं, माझं काही चुकलं का. बाकी काही कळलं नाही तरी चालेल. एवढं विचारायचं." त्याने ते तिथल्या तिथे पाठ केलं. तेव्हापासून जग गप्प झालं की तो स्वतःची चूक विचारत फिरतो. बसमधल्या कंडक्टरला विचारतो, मेडिकलच्या दुकानात विचारतो, वीज गेली आणि गल्ली शांत झाली की मला येऊन विचारतो. पोटच्या पोराला कुणी असं वाक्य देतं का, आबा? सगळा दोष त्याच्याच पदरात टाकणारं?

मला वाटायचं, ही समज शाळेतून येते. तुम्ही मला भुसावळच्या कॉन्व्हेंटात घातलंत आणि त्याला नगरपालिकेच्या शाळेत, आणि मी बरीच वर्षं मनातल्या मनात हाच हिशेब मांडत राहिले. आमच्या सिस्टर ओरडत नसत. एक भुवई किंचित वर जायची आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना कळायचं की आता वेणी मागे टाकायची, पाय जवळ घ्यायचे. त्या भुवईवर मी वाढले. सासरी गेल्यावर सासूबाईंचा पदर कसा सरकतो त्यावरून मला कळायचं की चहा उकळायला हवा. भाऊला कुणी भुवई दाखवलीच नाही, म्हणून त्याला येत नाही, असं मला वाटत असे. तुम्ही म्हणायचात मुद्दाम, मी म्हणायचे शाळा. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, त्याच्या डोक्याला दोष द्यायचा नव्हता.

यंदा उन्हाळ्यात भाऊच्या डॉक्टरांकडे एक तरुण डॉक्टरीण आली. ज्यांना हा आजार आहे त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या नात्यातल्यांचं रक्त त्या घेत होत्या आणि काही प्रश्न विचारत होत्या. आजाराचं जे आनुवंशिक मूळ आहे त्याचा आणि माणसं ओळखण्याच्या, दुसऱ्याच्या मनातलं ताडण्याच्या शक्तीचा काही संबंध आहे का, हे त्यांना बघायचं होतं. मला म्हणाल्या, "काकू, तुमचंही रक्त लागेल." आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "माझं कसं चालेल? माझं तर लग्न झालंय." ती पोरगी आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की तिचा मास्क खाली आला. "लग्नाने रक्त बदलत नाही, काकू." मी इंग्रजी शाळेत जीवशास्त्र शिकलेली बाई. पण आबा, आपल्या घरचा रोट लग्न झालेल्या मुलीला चालत नाही हे लहानपणापासून इतकं आत गेलेलं की रक्त म्हटल्यावर मला आधी रोटच आठवला. कानबाईला कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घालायचे, त्याचे रोट करायचे आणि ते कुळातल्यांनीच खायचे. मुलगी सासरी गेली की तिची मूठ संपली. माझ्या लग्नानंतरच्या श्रावणात तुम्ही गहू मोजताना माझं नाव गाळलंत आणि पुढच्या नावावर गेलात. तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आई उठून परसात गेली.

प्रश्नांचं काय सांगू? नुसत्या डोळ्यांचे फोटो होते, सगळे परक्या देशातल्या माणसांचे, आणि ते डोळे रागावलेत, घाबरलेत की थट्टा करताहेत ते सांगायचं. भाऊ एका फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाला, "हिला चष्मा लागलाय." दुसऱ्याला म्हणाला, "ही माणसं मला भेटलेली नाहीत, मी कसं सांगू?" मला त्याचं म्हणणं अगदी रास्त वाटलं. मग छोट्या छोट्या गोष्टी होत्या, कुठून तरी उचलून मराठी केलेल्या, इतक्या कोरड्या की त्यातली सून सासऱ्याला नावाने हाक मारत होती. एका गोष्टीत पाहुणा घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, बराच उशीर झाला. त्याला काय सुचवायचं आहे? भाऊने सांगितलं, "घड्याळ पुढे असेल. एकदा लावून बघा." डॉक्टरीणबाईंनी ते मान खाली घालून लिहून घेतलं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही गिळलं, कारण मी गप्प झाले असते तर त्याने लगेच विचारलं असतं.

मी त्यांना सरळ विचारलं, मग हे आलं कुठून? आईकडून की वडिलांकडून? त्या म्हणाल्या, असं एका कुणाकडून येत नाही. एखादा जनुक बिघडला आणि झालं, असं नसतं. असंख्य बारीक बारीक गोष्टी असतात, प्रत्येक गोष्ट थोडा थोडा भार टाकते, काही आईकडच्या, काही वडिलांकडच्या, आणि वर आयुष्यात जे घडतं ते वेगळंच. ज्यांना आजार नाही अशा सख्ख्या नातेवाइकांतही कधी कधी माणसं ओळखण्यातला हा कच्चेपणा थोडाफार दिसतो, कधी अजिबात दिसत नाही. म्हणजे रोटाच्या पिठासारखं. एकदा दळलं की कोणता दाणा कुणाच्या मुठीतला, ते कानबाईलाही सांगता येणार नाही. "पण आमच्या घराचं काय निघालं ते मला लिहून द्याल ना?" तर म्हणाल्या, नाही काकू, एकेका घराचं असं सांगता येत नाही, आणि हे सगळं अजून कच्चं आहे, यातून इतक्यात उत्तर नाही मिळणार. मग रक्त कशाला दिलं मी? दंडाला कापूस दाबून मी बाहेर बाकावर बसले आणि मला त्या गोड पोरीचा, तिच्या मास्कचा, सगळ्याचा संताप आला. मला नानाला दाखवायला काहीतरी हवं होतं.

तरी मी गेले. नागपंचमीच्या आधी, भाऊला शेजाऱ्यांवर सोपवून, पारोळ्याच्या रस्त्याने धुळ्याला गेले. नानाचं बियाण्यांचं दुकान आहे, तो गल्ल्यावर होता. मी म्हटलं, "नाना, भाऊने तेव्हा मुद्दाम नाही केलं. डॉक्टर सांगतात, माणसाचं मन ओळखणं त्याला जमतच नाही. ते आजाराबरोबरच येतं. रक्तातलं आहे ते." नाना ऐकत होता. मला वाटलं, त्याला पटलं. मग त्याने हळूच दुकानाबाहेर बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि आवाज खाली आणला. "रंगतमा? म्हनजे आपला बठ्ठासना रंगतमा?" मी म्हटलं, थोडं थोडं, सगळ्यांतच असेल कदाचित, आणि तसं असलं तरी बाकीच्यांना काही होत नाही. तो म्हणाला, "अक्का, मी बी-बियानं इकस. एक पिशवी उगनी नही ना, ते लोके बठ्ठा लॉट परत आनतस. मना पोरनं लगीन आते जमी राह्यनं. हाई गोट कोनले सांगू नको." मी म्हटलं, "माणसं म्हणजे बियाणं नाही, नाना." तर म्हणाला, "मी कोठे म्हनस? पाव्हना म्हनतीन." आणि मला चहा सांगितला, जास्त दुधाचा, मला आवडतो तसा. आबा, तो वाईट माणूस नाही, म्हणून तर जास्त राग येतो. काल-परवापर्यंत भाऊ एकटा उद्धट होता, तोपर्यंत निदान कधीतरी माफी तरी मिळाली असती. मी रक्ताचं नाव काढलं आणि तो एकदम अख्ख्या कुळाचं गुपित झाला. ज्या किल्लीने दार उघडायचं म्हणून गेले, तिनेच मी कडी घालून आले.

परतताना बसमध्ये मला तुमचं पार्सल ऑफिस आठवत होतं. जळगाव स्टेशनवरच्या त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही घरापेक्षा सुखी असायचात. गोणपाटाचा वास, डिंकाची बाटली, केळीच्या टोपल्या. मी शाळेच्या सुट्टीत डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही दाखवायचात, "हे बघ, यात काच आहे. कसं कळलं? लिहिलंय. यात काय आहे? लिहिलंय. कुठे जायचं, कोणती बाजू वर, सगळं लिहिलंय." आणि मग एकदा, डब्यातली भाकरी मोडता मोडता, "माणसांवर लिहिलेलं नसतं, बेटा." मी लहान होते, मला ती गंमत वाटली. माझं लग्न झालं तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या, आणि तुम्ही आत जाऊन माझ्या ट्रंकेवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात. "नाजूक सामान" आणि "सांभाळून उचला." सासरचे कित्येक वर्षं त्यावर हसले. आत्या म्हणायची, "आबाला वेळ काय, काळ काय, काही कळत नाही." खरंच कळत नव्हतं. व्याह्यांना तुम्ही जेवणाच्या पंगतीत सांगितलं होतंत की वरण पातळ आहे, पण आमचंच आहे, म्हणून चालवून घ्या. आई स्वयंपाकघरात गप्प होऊन भांडी घासत बसायची आणि तुम्ही खांद्यावर पंचा टाकून उंबऱ्यापाशी घुटमळायचात, आत जायचात, बाहेर यायचात, तिला काहीतरी पुटपुटत विचारायचात. आई म्हणायची, "काही नाही. मीठ आणा." आणि तुम्ही खरोखर मीठ आणायला जायचात. भाऊ आणि मी तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

कानबाई झाली. विसर्जन झालं असेल त्या सुमारास वहिनींचा फोन आला. त्याच वहिनी, ज्यांचं वाक्य भाऊने फोडलं होतं. म्हणाल्या, "अक्का, दुपारच्या गाडीनी डबा धाडेल शे. कंडक्टर वळखीना शे. यासले सांगू नका." मी विचारलं, डबा कसला? तर आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "गहू मोजतांना मी भाऊना नावनी मूठ टाकी दिन्ही. देवीसमोर नाव कसं गाळू? आन् मूठ टाकी, ते तो रोट कोन खाई?" मी स्टँडवर जाऊन डबा घेतला. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला, वर कागदाचा कपटा, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, "भाऊसाठी."

भाऊने तो कपटा वाचला, पुन्हा वाचला. पाय धुतले. खुर्चीवरचा शर्ट घातला, वरचं बटणसुद्धा लावलं. ताट मांडून जमिनीवर बसला आणि मला म्हणाला, "अक्का, तुला चालत नाही."

"माहीत आहे मला. तू खा."

तो थांबला. "पण डॉक्टर म्हणाल्या, लग्नाने रक्त बदलत नाही."

"म्हणाल्या खरं."

"मग हे नानाला माहीत नाही का?"

"नसेल."

"सांगायला हवं."

"अजिबात नको," मी म्हटलं, "तू कुणालाही काहीही सांगू नकोस, हात जोडते."

त्याने विचार केला. त्याला एका नियमावर दुसरा नियम ठेवून बघायला वेळ लागतो. मग त्याने रोट मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतःचा खायला लागला. आबा, लग्नानंतर पहिल्यांदा तो वास माझ्या इतक्या जवळ आला, तुपाचा, भाजलेल्या गव्हाचा. मला काही बोलता येईना. तो खाता खाता थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला, चष्मा नसलेलं माणूस लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायला बघतं तसा, डोळे बारीक करून, कष्टाने, सोडून न देता. आणि म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

तेव्हा मला उंबरा ऐकू आला. खांद्यावरचा पंचा, आईची भांडी, आणि तुम्ही पुटपुटत होतात ते. हेच वाक्य होतं. आम्ही रुमाल कोंबून हसायचो ते याच वाक्याला. मी इतकी वर्षं समजत होते की तलावाच्या काठी तुम्ही त्याला शिक्षा दिलीत. तुमच्याकडे माणसांत वावरायला एवढी एकच काठी होती, तुम्हीच ती कधीतरी कुठेतरी तासून घेतली असणार, आणि ती तुम्ही त्याच्या हातात दिलीत. त्याला कळत नाही हे तुम्हाला दिसलं नाही, आणि का दिसलं नाही तेही आता मला थोडं कळतं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की एकेका घराचं असं सांगता येत नाही, म्हणून हेही मी ठासून म्हणत नाही. राग मात्र गेलेला नाही. "मुद्दाम" हा शब्द तुम्ही एकदा तरी मागे घ्यायला हवा होतात. भाऊने अजून तो सोडलेला नाही. काही सांडलं की आधी सांगतो, "मुद्दाम नाही केलं."

रोट मी खाल्ला. पुढच्या श्रावणातही तो शर्ट खुर्चीवर टाकेल आणि नाना बोलावणार नाही, हे मला माहीत आहे. पत्ता नसलेली पार्सलं तुम्ही ऑफिसच्या कोपऱ्यात रचून ठेवायचात आणि येता-जाता त्यांच्याकडे बघायचात. हे पत्रही तसंच राहील, वहिनींच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

एक सांगायचं राहिलं. मलाही डॉक्टरीणबाईंनी प्रश्न सोडवायला दिले होते. शेवटचा असा होता, तुमच्या जवळचं माणूस बोलता बोलता एकाएकी गप्प झालं, तर तुम्ही काय म्हणाल? पेन टेकवलं आणि पहिल्यांदा जे उमटलं ते तुमचं वाक्य होतं. मी ते दोन रेघा मारून खोडलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, पाणी हवं का विचारेन.